मागचं डावं दार

३ ऑगस्ट १९९४, बुधवार

ही डायरी दुकानात फुकट आली. एका व्यापाऱ्याने केदारनाथला दिली होती. त्याने जानेवारीपासून तिच्यात एक अक्षर लिहिलं नाही. मुलगा बी.कॉम., आई तिसरी नापास. लिहिते आई.

लिहायचं कारण एकच. गाडीचं मागचं डावं दार. ते मी स्वतः दुरुस्त करणार आहे आणि कसं केलं ते टिपून ठेवणार आहे. नंतर कोणी आयतं नाव करून घ्यायला नको.

झालं असं. गेवराईच्या बाजारातून आलो. घरापुढे गाडी थांबली. मी आतून खटका ओढला, दार उघडेना. केदारनाथने बाहेरून बटण दाबलं, मग लाथ घातली, तरी उघडेना. शेवटी सीटवरून घसरत घसरत उजवीकडून उतरले. सगळी आळी बघत होती. सून वर्षाराणी तोंडाला पदर लावून उभी. सर्दी झालीय म्हणे.

केदारनाथ म्हणाला, आई, आता ही अँबॅसिडर काढून टाकू. मी म्हटलं, तू दोनदा नापास झालास तरी तुला काढून टाकलं नाही, गाडीला कावून काढू.

गाडी काढायची नाही, कारण २९ तारीख. श्रावणातला चौथा सोमवार, शिवनाम सप्ताहाची समाप्ती. गुरुमहाराज गेवराईपर्यंत येतात, तिथून इथे तलवाड्याला आमच्या गाडीतून. बावीस वर्षं झाली. आणि आमच्याकडची रीत अशी की ज्याच्या गाडीतून महाराज वेशीत उतरतात, त्याच्या घरच्या जोडप्याची पहिली पाद्यपूजा. म्हणजे बावीस वर्षं महाराजांचे पाय सगळ्यांच्या आधी मी धुतलेत. मालकांनी पाणी घातलं, धुतले मी. मालक म्हणजे कल्याणराव. तोंडाने नाव घेत नाही, लिहायला काय जातंय.

महाराज मागे डावीकडे बसतात. पायघड्या डावीकडे अंथरतात. तेव्हा उघडायला पाहिजे ते डावंच दार.

केदारनाथ म्हणतो गेवराईला जिलानी मिस्त्रीकडे टाकू. नको. जिलानी मागच्या वर्षी आमची गाडी बघून हसला होता. मी चाळीस वर्षं भांड्याच्या दुकानात बसले. कुकर, स्टोव्ह, बंब, सगळं खोललंय आणि परत लावलंय. दार म्हणजे तरी काय, उभं झाकण.

रविवारपर्यंत होईल.


४ ऑगस्ट, सकाळी

दाराचा आतला रेक्झिनचा पुठ्ठा काढला. त्याच्या आधी खटका आणि काच फिरवायची दांडी काढावी लागते. हे कोणी सांगितलं नाही. पुठ्ठा फाटल्यावर समजलं.

आत बघितलं. आत काहीच नाही. एक सळई, एक स्प्रिंग, काठाला लॉकची डबी, बाकी माती आणि एक भुईमुगाची शेंग. एवढ्यासाठी लोक मिस्त्री होतात.

अकरा स्क्रू निघाले. वाटीत ठेवले.

४ ऑगस्ट, दुपारी

वर्षाराणीने वाटी घासायला घेतली. स्क्रू मोरीत. सात सापडले. मी म्हटलं, वाटीत काय आहे ते बघायची पद्धत नाही का तुमच्या माहेरी. ती म्हणाली, आमच्या माहेरी वाटीत भाजी असते.

सात पुरतील. कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात.


६ ऑगस्ट, शनिवार

स्प्रिंग ताणून बघितली. काच धाडकन दारात गेली. स्प्रिंगचा आणि काचेचा संबंध नव्हता, अजूनही नसावा. मी काचेला हात पण लावला नव्हता. थोडा लावला होता.

मालक येऊन उभे राहिले. पाच मिनिटं बघितलं. म्हणाले, काच कुठं आहे. मी म्हटलं, आत आहे. म्हणाले, हं. आणि गेले. पन्नास वर्षं हा माणूस हं म्हणतोय.

उद्याचा रविवार धरायचा नाही. पुढचा रविवार.


८ ऑगस्ट, पहिला सोमवार

उपवास. उपवासाला लोखंडाला हात लावत नाहीत. असा नियम ऐकला नाही, पण असावा.


१० ऑगस्ट

पंचमी तोंडावर आली, घरात पुरणाची तयारी, आणि मी गाडीत. केशरबाई आली. केशरबाईचं घर देवळाच्या पलीकडे, खताचं दुकान. मला बहिणीसारखी आहे असं ती म्हणते. मी म्हणत नाही.

तिच्या संगमेश्वरने मारुती व्हॅन घेतली. नवी कोरी, पांढरी. तिचं मागचं दार उघडत नाही, सरकतं. केशरबाईने हाताने सरकवून दाखवलं, हवेतच. म्हणाली, नुसतं बोट लावलं की सरकतं गंगासागरबाई, लोण्यासारखं. मी म्हटलं, दार आपल्या मनानं सरकायला लागलं तर माणसं रस्त्यावर पडतील. ती म्हणाली, न्हाई ओ, त्याला पण लॉक हाय. मी म्हटलं, बघ, म्हणजे लॉक आलंच.

मग इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, औंदा महाराजांना त्रास नको. संगू म्हणत होता, व्हॅन हाय, न्यायला येऊ का. मला बघायचं होतं ती हे कधी बोलते. साडेचार मिनिटांत बोलली.

मी म्हटलं, दार झालंय. नुसता पुठ्ठा बसवायचा राहिलाय.

ती गाडीकडे बघत होती. दारातून सळई बाहेर आली होती आणि तिला माझी किल्ल्यांची साखळी अडकली होती. केशरबाई म्हणाली, हो, दिसतंय की.


१२ ऑगस्ट, शुक्रवार

दार उघडलं. तारीख लक्षात ठेवायची. पहार घातली आणि उघडलं. काहीतरी तुटल्याचा आवाज आला, पण जे अडलं होतं तेच तुटलं असणार. तुटायलाच पाहिजे होतं.

काच वर ओढून घेतली. खालून लाकडी पाचर ठोकली. वर दोन बोटं फट राहिली. आता ती काच खाली जाणार नाही. वर पण जाणार नाही. एकदा ठिकाणावर बसली की बसली.

१२ ऑगस्ट, संध्याकाळी

दार लागत नाही.

हा वेगळा प्रॉब्लेम आहे. आधी उघडत नव्हतं, तो प्रॉब्लेम सुटला. केदारनाथला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, आई, आधी निदान गाडी चालवता तरी येत होती. मग दुकानाचा माल आणायला दार दोरीने बांधून गेला. दोरी आतून दोन्ही दारांना, मधे सीटवर. येताना तिच्यावर टॉवेल वाळत घातला होता त्याने. मुद्दाम.


१५ ऑगस्ट, दुसरा सोमवार

सकाळी शाळेत झेंडा, दुपारी देवळात सप्ताह कमिटीची बैठक. बायका खांबामागे. विषय निघाला, महाराजांना कोणाची गाडी. संगमेश्वर उभा राहिला, अगदी नम्र, हात जोडून. म्हणाला, मान काकांचाच, पण गाडीचं दार बंद आहे असं समजतं, म्हणून सेवेला व्हॅन हजर आहे. समजतं म्हणे. कोणाकडून समजतं ते माझ्या शेजारीच बसलं होतं, कुंकू नीट करत.

मालकांनी घसा साफ केला. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, बघू.

मग मीच खांबामागून बोलले. दार दुरुस्त झालंय, ज्याला बघायचं त्याने येऊन बघावं. दोन-तीन म्हातारे हसले. कमिटीने ठरवलं, २५ तारखेला गुरुवारी गाडी देवळापुढे आणून दाखवायची. दार उघडलं, लागलं, तर मान आमचा. नाही तर केशरबाई पाय धुणार.

घरी येताना मालकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, होईल का. ते म्हणाले, जिलानीला विचारू. मी पुढे त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

दहा दिवस आहेत. दहा दिवसांत लोक घर बांधतात.


१७ ऑगस्ट, बुधवार

लॉकची डबी खोलली. आतली जीभ मोडलीय. स्टोव्हची पिन वाकवून घालून बघितली. कुकरच्या शिट्टीचा दांडा घालून बघितला. वर्षाराणी म्हणाली, आज भात पातेल्यात शिजवायचा का. मी म्हटलं, तुझी आजी कशात शिजवायची.

मग विचार केला आणि एकदम सुचलं. उजव्या दाराला जशीच्या तशी डबी आहे. चांगली, धडधाकट. आणि उजवीकडून उतरतं कोण. रस्त्याच्या बाजूला दार पाहिजेच कशाला, उगाच माणूस मोटारसायकलखाली येतो. उजव्याची डबी काढून डाव्याला लावायची. एवढी साधी गोष्ट एकाही बी.कॉम.ला सुचली नाही.

उजवीकडचा पुठ्ठा काढला, खटका काढला, काचेची दांडी काढली. या वेळी दांडी आणि स्क्रू डब्यात ठेवले, डब्यावर झाकण, झाकणावर दगड.


१८ ऑगस्ट

डबी डाव्याला बसेना. भोकं जुळेनात. उलटी धरली तर जुळतात. उलटी लावली. एक कोपरा आड येत होता, तो कानशीने घासला. दुपारभर घासला. बोटं आखडलीत, अक्षर त्यामुळे असं आहे.

दार लागलं. खट्ट. असा आवाज नव्या गाडीला पण नसेल. मी वीस वेळा लावलं. आळीतली सुभद्राबाई म्हणाली, काय बंदुकी फोडायल्यात का तुमच्याकडं.

बाहेरून बटण दाबलं की उघडतं. जरा वर ढकलून, मग दाबून, मग सोडून. सवयीचा भाग आहे.

आतून उघडत नाही. आतला खटका ओढला की जास्तच गच्च होतं. पण आतून उघडायचंय कोणाला. महाराज काय स्वतः दार उघडून उतरणार आहेत. घरच्या माणसाने बाहेरून दार उघडायचं, यातच तर मान आहे. उलट आतून उघडत असतं तर कोणीही उघडलं असतं.

उजव्या दाराला आता डबी नाही. ते बाहेरून तारेने मधल्या खांबाला आवळून टाकलं. पकडीने चार पीळ दिले. आता ते दार नाही, पत्रा आहे. घराला तरी दार एकच असतं.


२१ ऑगस्ट, रविवार

मालकांनी माझ्या मागे जिलानी मिस्त्रीला बोलावलं. आपल्या मनाने आला असं दोघं म्हणाले. दोघांचे शब्द तेच, म्हणजे ठरवून आले.

जिलानी गाडीभोवती फिरला. या वेळी हसला नाही. ते मला आवडलं नाही. खाली बसून डबी बघितली, मग माझ्याकडे बघून म्हणाला, मांजी, ये राइट का लॉक लेफ्ट को कौन बिठाया. मी म्हटलं, मी बिठाया. म्हणाला, उल्टा बिठाया. मी म्हटलं, उल्टा बिठाया तर बैठा, सीधा बैठताच नव्हता.

मग मराठीत समजावायला लागला, लहान मुलाला सांगतात तसं. डाव्याचं लॉक आणि उजव्याचं लॉक चपलांसारखं असतं म्हणे, पायात जाते पण चालवत नाही. गाडी चार दिवस माझ्याकडे टाका, जालन्याच्या भंगार बाजारातून डबी आणतो, दोन्ही दारं करून देतो. मी म्हटलं, चार दिवस म्हणजे पंचवीस तारीख. तू म्हणशील उशीर झाला, आणि तिकडे व्हॅन सरकत येईल.

तो म्हणाला, मग एक ऐका. मागं कोणाला बसवू नका. सापडला माणूस तर निघायचा न्हाई.

मिस्त्री लोक असं बोलतात. घाबरवलं नाही तर धंदा कसा चालणार. चहा पाजला आणि पाठवला. जाताना मालकांना हळूच काहीतरी म्हणाला. मालक म्हणाले, हं.


२५ ऑगस्ट, गुरुवार

झालं. जिंकले.

गाडी देवळापुढे लावली. कमिटीचे सातजण, केशरबाई, संगमेश्वर. मालकांना मी उजव्या दाराला टेकून उभं केलं, तार दिसू नये म्हणून. हलायचं नाही असं सांगितलं होतं. तासभर हलले नाहीत. हा एक गुण आहे त्यांच्यात.

मी बटण दाबलं. नाही उघडलं. परत दाबलं. नाही. संगमेश्वरने किल्ली बोटावर फिरवली. तिसऱ्यांदा वर ढकलून, दाबून, सोडलं. उघडलं. लावलं, खट्ट. अध्यक्ष म्हणाले, काकू, आवाज तर एक नंबर. मान कायम.

केशरबाई म्हणाली, आतून उघडून दाखवा की. मी म्हटलं, तू तुझं सरकतं दार आतून लोण्यासारखं उघड, आमच्याकडे दार उघडायला माणसं आहेत. सगळे हसले. ती पण हसली. मनातून हसली नसेल.


२७ ऑगस्ट, शनिवार

केदारनाथ जेवताना म्हणाला, आई, औंदा पूजेला मी आणि वर्षाराणी बसतो. तुझे गुडघे दुखतात, बाबांना वाकवत नाही. अर्धा तास खाली बसायचं असतं.

मी भाकरी खाली ठेवली. म्हटलं, दार कोणी उघडलं. तो म्हणाला, त्याचा काय संबंध. मी म्हटलं, संबंध आहे. पंधरा दिवस जो लोखंडाशी भांडला, तो बसेल. माझ्या हातांनी ते दार उघडतंय तोवर पूजेला मी बसणार, आणि उघडायचं बंद झालं की तू ये मग, खुशाल बस.

वर्षाराणीने माझ्या ताटात परत भाकरी वाढली. मऊ होती. मुद्दाम मऊ केली होती का काय, समजलं नाही.


२८ ऑगस्ट, रविवार

फायनल टेस्टिंग. वीस वेळा बाहेरून उघडून बघितलं. सतरा वेळा उघडलं. तीन वेळा माझा हात ओला होता.

बटण थोडं हलतंय. ग्रीस लावलं. आता जास्त हलतंय, पण गुळगुळीत हलतंय.


२९ ऑगस्ट, सोमवार, पहाटे

आंघोळ झाली. विभूती लावली. पिवळं इरकल नेसले. टेस्टिंग: पाचपैकी पाच.

प्रोग्राम असा. केदारनाथ गाडी चालवणार, मालक पुढे, मी मागे. खड्ड्यांत दार धरून बसायला कोणीतरी पाहिजे. मागून केशरबाईची व्हॅन, कमिटीला घेऊन. गेवराईला मी उतरणार, दार उघडून धरणार, महाराज बसणार. येताना मी व्हॅनमधून. व्हॅन पुढे काढायची, वेशीत आधी पोचायचं, गाडी आली की दार मी उघडायचं. मग पूजा.

चूक व्हायला जागाच नाही.


२९ ऑगस्ट, संध्याकाळी

लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते.

गेवराईला पोचलो. केदारनाथने उतरून बाहेरून मला दार उघडून दिलं, दुसऱ्या वेळी उघडलं. मी दार धरून उभी राहिले. महाराज जीपमधून उतरले. काठी होती हातात. त्यांच्या शिष्याने सांगितलं, महाराजांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाय लांब करायला लागतो, आता कुठेही गेलं तरी पुढेच बसतात. आणि महाराज पुढच्या डाव्या दाराने पुढे बसले.

पुढच्या दाराला बावीस वर्षांत काही झालेलं नाही. त्याला मी कधी हातच लावला नव्हता.

मी मागचं दार धरून तशीच उभी. मालक व्हॅनकडे गेले. शिष्य म्हणाला, मातोश्री, तुम्ही मागे बसा, सीट रिकामीच आहे, मी येतो व्हॅनमधून. महाराजांच्या गाडीत बसायचं म्हटल्यावर नको कोण म्हणेल. बसले. दार शिष्याने लावलं, बाहेरून, जोरात. खट्ट. खोटं कशाला लिहू, तो आवाज ऐकून मला बरं वाटलं.

वेशीत हलग्या, झांजा, हर हर महादेव. केदारनाथ उतरला, पळत जाऊन पुढचं दार उघडलं. पायघड्या पुढे सरकवल्या. महाराज उतरले. मालकांच्या हातात छत्र दिलं, ते छत्र धरून गेले. केदारनाथला वाटलं असणार, मागचं दार कोणीतरी उघडलं. सगळे गेले. मिरवणूक देवळाकडे वळली.

मी आत.

खटका ओढला. गच्च झालं. काच पाचरीवर. उजवीकडची काच वर चढलेली आणि तिची दांडी घरी डब्यात, झाकणावर दगड. उजव्या दाराला चार पीळ, मीच दिलेले. काच बडवली. हलग्यांपुढे बांगड्यांचा आवाज काय ऐकू जाणार. छत्री पुढच्या सीटवरून लांब करून हॉर्न दाबला. मिरवणुकीत मागे चालणाऱ्या दोघांनी वळून न बघता बाजूला सरकून वाट दिली.

मग म्हटलं, पुढच्या सीटवरून पलीकडे जाऊ. एक पाय सीटच्या पाठीवर टाकला. तिथून तो पुढे गेला नाही आणि मागेही आला नाही. घोड्यावर बसल्यासारखी बसले. इरकल वर, डोकं छताला. देवळाच्या लाऊडस्पीकरवर ऐकू येत होतं. आता पाद्यपूजा. पहिला मान कल्याणराव यांच्या घराचा. मग थोडा वेळ काहीच नाही. मग, जोडप्याने पुढे यावे. मग परत, जोडप्याने लवकर पुढे यावे. मग मंत्र सुरू झाले.

कोण बसलं ते स्पीकरवर सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

गाडीत लई गरम होत होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. केशरबाई आली. व्हॅनमधून लाडवांची परात न्यायला आली होती. परात घेऊन चालली होती, मग थांबली. फटीला तोंड लावून म्हणाली, गंगासागरबाई, आत काय करायल्यात. मी म्हटलं, गाडी राखत बसले.

ती माझ्या पायाकडे बघत होती. म्हणाली, तशी.

परात टपावर ठेवली. बाहेरून बटण दाबलं, वर ढकलून, दाबून, सोडून. गुरुवारी नीट बघितलं होतं तिने. बटण तिच्या हातात आलं. तिने ते बघितलं, पुसलं आणि फटीतून माझ्या हातात दिलं. मग ड्रायव्हरच्या बाजूने आत आली, सीटवर गुडघ्यांवर बसली आणि माझा दंड धरला. म्हणाली, सोडा अंग. मी म्हटलं, सोडलंय. म्हणाली, न्हाई सोडलं, लाकडावानी धरलंय. तीनदा ओढलं. दोघी पुढच्या सीटवर पडलो, मी वर, ती खाली. माझ्या दोन बांगड्या फुटल्या, तिच्या नाकाला माझं कोपर लागलं.

तशाच बसून राहिलो. ती नाक चोळत होती. मी विचारलं, पूजेला कोण बसलं. म्हणाली, केदारनाथ अन् वर्षाराणी. मी विचारलं, मला कोणी विचारलं का. म्हणाली, महाराजांनी विचारलं की, घरची मोठी बाई कुठं हाय. केदारनाथ म्हणला, आईला दम लागला असंल, घरी गेली असंल.

मग म्हणाली, वर्षाराणीनं नीट केलं सगळं. पाय पुसताना बोटांच्या मधून पण पुसलं. तिला कुणी सांगितलं होतं.

मी सांगितलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी. त्यातलं तिला एक अक्षर समजलं नाही असं मला वाटलं होतं.


३० ऑगस्ट, मंगळवार

मालकांनी सकाळी विचारलं, काल कुठं होतीस. मी म्हटलं, घरी येऊन पडले होते. म्हणाले, हं.

केशरबाईने कोणाला सांगितलं नाही. सकाळपासून वाट बघते, कोणी हसेल, कोणी विचारेल. सुभद्राबाईला दोनदा आडून विचारलं, केशरबाई काही म्हणाली का. काही नाही म्हणाली. तिने सगळ्या गावात सांगितलं असतं तर मला तिच्याशी कसं वागायचं ते समजलं असतं.

दुपारी अध्यक्ष आले, प्रसाद घेऊन, बरोबर कमिटीचे दोघं. म्हणाले, काकू, तुम्ही मोठं काम केलं. बावीस वर्षांचा मान, दार स्वतः दुरुस्त करून, गाडी उभी करून, आणि पूजेच्या वेळी गुपचूप बाजूला झालात, सुनेला पुढे केलं. असं मन कोणाचं असतं. महाराजांनी प्रवचनात सांगितलं म्हणे, पिकलं पान आपण होऊन जागा करून देतं. कमिटीने वहीत लिहून घेतलंय, पुढच्या वर्षापासून केदारनाथ आणि वर्षाराणी. गाडी कोणतीही असो.

मालक माझ्याकडे बघत होते. केदारनाथ बघत होता. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. एवढा मोठा झाला तरी काही बघायचं शिकला नाही. वर्षाराणी येऊन पाया पडली, सगळ्यांसमोर.

नाही दिला मान, असं म्हणायचं तर मी कुठं होते ते सांगावं लागतं.

मी म्हटलं, ऊठ, पुढच्या वर्षी पाणी जरा कोमट घे.